कर्मिसच्या दुपारी लिओना कुठे गेली होती

आमच्या लामेर कॉर्नर्समध्ये, या आखाताकाठच्या खेड्यात, एका वर्षी कर्मिसच्या, म्हणजे सुगीच्या जत्रेच्या, दिवशी अशी कुजबूज उठली, की लिओना डेल्व्हो, साठी ओलांडलेली, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई, भर नाचातून जर्वेस लालुझर्नचा हात धरून ओडील शोडवारच्या दलदलीत गेली. परत आली तेव्हा दोघांच्या गुडघ्यांना चिखल होता, तिच्या केसांत काटेरी बोंडं अडकली होती, आणि जर्वेसच्या कोटाच्या खिशातून टॉयलेट पेपरचं गुंडाळं डोकावत होतं. आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा तिचा नवरा रोमन बिचारा मंचावर बँडमध्ये ट्यूबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, फुंकत होता.

आता कुजबुजीत नेहमी असतं तसं यातही एक-दोन गोष्टी वाढीव होत्या. हात तिने धरला नव्हता. पण चिखल खरा, बोंडं खरी, आणि टॉयलेट पेपर तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. मी बियरच्या पिंपाशेजारीच बसलो होतो. कर्मिसला मी दुसरीकडे कुठे बसत नाही. तिथे सगळं गाव आपणहून चालत येतं, आणि दुसऱ्या पेल्यानंतर आपणहून बोलायला लागतं.

लिओना कशी होती ते आधी सांगतो, म्हणजे या कुजबुजीची चव कळेल. बुटकी, गोल, आणि हसली की दोन शेतं पलीकडच्या गाई मान वर करायच्या. आलुबुखाऱ्याचे टार्ट तिच्यासारखे आखाताच्या या काठावर कुणाला जमत नाहीत. खाली खुसखुशीत पोळी, मध्ये आलुबुखारा, वर चीजचा थर. आणि त्याच हातांनी ती धनुष्य ओढायची. सप्टेंबरात हंगाम सुरू झाला की पहाटे रोमन घोरत असताना ही मचाणावर. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने हरीण आणलं आणि रोमनने सबंध हंगामात एक खार घाबरवली, तेव्हाच त्या घरात ठरून गेलं की शिकार कोण करणार आणि ट्यूबा कोण वाजवणार.

चर्चच्या तळघरात ती धनुष्याच्या शिकारीचे वर्ग घ्यायची. तिथे तिचं एक लाकडी हरीण होतं, प्लायवूडचं, जुन्या बाबागाडीच्या चाकांवर बसवलेलं. त्याच्या अंगावर तिने काळीज, फुप्फुसं, यकृत, आतडी असं सगळं रंगवलं होतं. ते हरीण ती असं नि तसं फिरवायची, विणायची सुई हातात द्यायची आणि विचारायची, "आता बाण कुठून शिरेल आणि कुठे निघेल? दाखव." हरीण आडवं उभं असेल तर सुई सरळ फुप्फुसांतून जायची. जरासं पाठमोरं असेल तरी चालायचं. पण तिने ते आपल्याकडे तोंड करून फिरवलं की सुई खांद्याच्या हाडावर आपटायची, नाहीतर घसरून पोटात जायची.

"मग अशा वेळी काय करायचं?" ती ओरडायची.

"थांबायचं!" सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं.

"आणि ते हललंच नाही तर?"

"धनुष्य खाली!"

"आणि घरी बायकोला काय सांगायचं?"

"काही दिसलं नाही!"

बाकीचे मास्तर नेम शिकवायचे. लिओना ओढलेलं धनुष्य बाण न सोडता परत सैल करायला शिकवायची. हे दिसतं त्यापेक्षा अवघड असतं. हात थरथरतो, खांदा ओरडतो, आणि समोर हरीण असलं की मन म्हणतं, सोड, सोड. ती प्रत्येकाकडून ते करून घ्यायची, पुन्हा पुन्हा, घाम फुटेपर्यंत. कुणी कुरकुरलं तर म्हणायची, "तुझा हात दुखतोय. त्याचं पोट दुखत राहील, दिवसभर. बघ काय परवडतं."

या वर्गात जर्वेस लालुझर्नही एका वर्षी बसला होता. जर्वेस म्हणजे मिशीला काळा रंग लावणारा विधुर. तो खोलीत यायच्या आधी त्याचं अत्तर यायचं. तरुणपणी एका कर्मिसला तो आणि लिओना लागोपाठ तीन पोलका नाचले होते, आणि ही गोष्ट ते दोघं विसरले असतील, पण ओडील शोडवार विसरली नव्हती. तर लिओनाने लाकडी हरीण त्याच्याकडे तोंड करून फिरवलं आणि विचारलं, "जर्वेस, हे तुझ्याकडे बघतंय. काय करशील?"

"आधी टोपी काढीन," जर्वेस म्हणाला, "मग बाण सोडीन."

वर्ग हसला. लिओनाही हसली, आणि त्याला नापास केलं. पुढच्या वर्षी पुन्हा ये म्हणाली. तो पुन्हा गेला नाही. त्याऐवजी त्याने एक कुत्री पाळली, डॅशहुंड, फिफीन नावाची. पोट जमिनीला घासत चालणारी, सॉसेजसारखी. पण नाक असं, की कुणाचा बाण लागलेलं हरीण पळून गेलं आणि माग हरवला तर फिफीनच्या गळ्यात दोरी बांधायची आणि तिच्या मागे जायचं. जर्वेस म्हणायचा, "लिओना लोकांना बाण न सोडायला शिकवते. ज्यांनी सोडलाय त्यांच्यासाठी मी आहे."

आता त्या रविवारची गोष्ट. ही मला नंतर लिओनानेच सांगितली. मध्ये मध्ये रोमनने भर घातली, आणि जर्वेसने इतकी भर घातली की त्यातली निम्मी मी काढून टाकली आहे.

कर्मिसच्या सकाळी ती पहाटेच मचाणावर गेली. जायला नको होतं, हे ती स्वतःच म्हणते. आदल्या दिवसापासून टार्ट भाजून ठेवलेले होते, पहिल्या प्रार्थनेच्या आधी ते सभागृहात पोचवायचे होते. "पण थोडा वेळ होता," ती म्हणाली. "आणि थोडा वेळ असला की माझं डोकं चालत नाही."

उजाडलं. धुकं विरलं. हरणाची अंगाने चांगली भरलेली एक मादी मक्याच्या शेतातून निघून मचाणाकडे चालत आली. लिओनाने धनुष्य ओढलं. मादी चालतच राहिली, कान फिरवत, नाक वर करत. काहीतरी वास तिला लागला होता. पाय उचलून धरायची, टेकवायची नाही. अशा हरणावर बाण सोडायचा नसतो. हे लिओनाने शेकडो वेळा सांगितलं असेल. आणि तेवढ्यात चर्चची घंटा वाजली.

"घंटा ऐकली आणि मला टार्ट दिसले," ती म्हणाली. "गाडीच्या मागच्या सीटवर, उन्हात. बस्स."

चालतं हरीण थांबवायचं तर आमचे लोक तोंडाने पाडसासारखा आवाज काढतात. तिने काढला, "मॅऽऽ". शांत चरणारं हरीण त्या आवाजाने थांबतं आणि बघतं. पण आधीच बिथरलेलं हरीण थांबतं ते उडी मारायच्या तयारीने. मादी थांबली, छाती लिओनाकडे, अंग तिरकं. तरी लिओनाने बोटं सोडली. धनुष्याच्या दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो. मादी दचकून दबली, वळली, आणि बाण जिथे जायला हवा होता त्याच्या बऱ्याच मागे लागला.

"बाण सुटायच्या आधीच मला कळलं होतं," लिओना म्हणाली. "हात म्हणाला थांब, बोटांनी ऐकलं नाही."

शेपटी खाली घालून, पाठीला बाक काढून मादी ओडील शोडवारच्या दलदलीकडे गेली. लिओना बराच वेळ मचाणावर तशीच बसून राहिली. मग उतरली, बाण शोधला, नाकाशी नेला. पोटातला आंबूस वास. पोटात लागलेलं हरीण जगत नाही. पण लगेच मरतही नाही. त्याच्या मागे लागलात तर ते उठून मैलोन् मैल जातं आणि कुठेतरी कुणालाही न सापडता मरतं. मागे लागला नाहीत तर जवळच कुठेतरी आडोशाला पडतं आणि उठत नाही. म्हणून काहीच करायचं नाही, दुपारपर्यंत. शिकारीत याहून कठीण काम नाही.

ती घरी आली. रोमन कर्मिसचा पांढरा सदरा घालून ट्यूबा पुसत होता.

"काय गं, चेहरा असा का? टार्ट करपले?"

"मी एका हरणाच्या पोटात बाण मारला, रोमन."

रोमनने फडकं खाली ठेवलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून असं वाक्य त्याने ऐकलं नव्हतं.

"तू?"

"मी. तोंड माझ्याकडे होतं तिचं."

"आता?"

"दुपारपर्यंत थांबायचं. मग शोधायचं."

रोमनने खिडकीतून बाहेर पाहिलं. आखातावर ढग जमले होते. "आणि पाऊस आला तर?"

"रक्त धुऊन जाईल. म्हणून जर्वेसची कुत्री लागेल."

"जर्वेसची?"

"मग काय, पोपची? दुसऱ्या कुणाकडे आहे?"

"अगं, म्हणजे तो आयुष्यभर ऐकवेल तुला."

"ऐकवू दे." मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सापडलं नाही तर धनुष्य माळ्यावर टाकायचं, रोमन. आणि ते लाकडी हरीण चुलीत. कुठल्या तोंडाने मी पोरांना थांबा म्हणू?"

रोमन तिला ओळखतो. ती बोलली म्हणजे टाकलंच समजायचं. तो म्हणाला, "बरं, मी काय करू?"

"तू गप्प राहा. आज कर्मिस आहे. बियर प्यायलेले वीस पुरुष मदत करायला दलदलीत घुसले तर ते हरीण कॅनडात जाऊन मरेल. आणि तो पिंपाशेजारी बसणारा म्हातारा, त्याला तर अजिबात कळू द्यायचं नाही."

तो म्हातारा म्हणजे मी. मला हे नंतर कळलं तेव्हा जरा वाईट वाटलं. पण बाई चुकीचं बोलली नव्हती.

"आणि कुणी जंगलाकडे निघालेलं दिसलं," ती म्हणाली, "की पोलका सुरू कर."

तर आमची कर्मिस सुरू झाली. सभागृहाबाहेर बूयाची भलीमोठी कढई चढलेली, कोंबड्या, बटाटे, गाजरं सगळं एकत्र रटरटतंय, आणि होडीचं वल्हं घेऊन दोन जण ते ढवळतायत. आत नाच. लिओना टार्टच्या टेबलामागे उभी, निळ्या झग्यावर पांढरा एप्रन. मी नेहमीप्रमाणे गेलो आणि म्हणालो, "काय लिओना, या वर्षी टार्ट जरा पातळ दिसतायत, की तू जाड झालीस?"

दर वर्षी मी असलं काहीतरी म्हणतो आणि ती मला असं काही सुनावते की मागच्या रांगेतले लोक हसतात. त्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलं, आणि दोन टार्ट माझ्या ताटात टाकून म्हणाली, "हो." बस्स, "हो"! मी पिंपाकडे परत आलो आणि शेजाऱ्याला म्हणालो, या बाईला काहीतरी झालंय. संशयाचं पहिलं बी माझंच, हे मी अभिमानाने सांगतो.

रोमनचं वेगळंच चाललं होतं. इतक्या वर्षांत तो मंचावर अर्धा झोपेत वाजवायचा. त्या दिवशी कुणी जरा दाराकडे वळलं, की ट्यूबा असा भोंगा मारायचा की माणूस दचकून परत आत. एक बिचारा फक्त लघवीला निघाला होता, त्याला बायकोने ओढून दोन पोलका नाचवलं.

दुपार कलली तशी लिओनाने एप्रन सोडला आणि सरळ जर्वेसपाशी गेली. तो तेव्हा नव्या करड्या कोटात दोन बायकांना आपल्या दाढदुखीची गोष्ट सांगत होता.

"जर्वेस, जरा इकडे ये." ती त्याला खांबाआड घेऊन गेली. "कुत्री घरी आहे?"

"कुत्रीही आहे, मीही असतो. का?"

"तुम्ही दोघं हवेत मला. आत्ता."

जर्वेसने मिशीवर बोट फिरवलं. "आधी कोण, मी की कुत्री?"

"कुत्री," लिओना म्हणाली, आणि मग खालच्या आवाजात तिने सकाळचं सांगितलं. जर्वेसचं हसू गेलं. वर्षानुवर्षं ज्या क्षणाची तो वाट बघत होता तो समोर आला होता. पण त्याने फक्त विचारलं, "बाणाला वास होता?"

"होता."

"चल."

पण जाता येत नव्हतं. दलदल ओडीलची. दुसऱ्याच्या जमिनीत हरणाच्या मागेसुद्धा विचारल्याशिवाय जायचं नाही, हा लिओनाच्या वर्गातला अगदी पहिला धडा. म्हणून ती ओडीलकडे गेली. ओडील शोडवार बूया खात होती. तिच्या एका बाजूला तिचे तीन जावई, प्रत्येकाच्या हातात पेला, प्रत्येकजण हरणाचं नाव ऐकताच उठून धावणारा. दुसऱ्या बाजूला, पिंपाला टेकून, मी.

"ओडील, तुझ्या दलदलीत जरा जाऊन यायचंय. चालेल?"

ओडीलचा चमचा थांबला. "दलदलीत? आज? या झग्यात?"

"हो."

"एकटीच?"

लिओनाला खोटं बोलता येत नाही. हा तिचा मोठा दोष. "नाही. जर्वेस आहे बरोबर."

"जर्वेस." ओडीलने चमचा खाली ठेवला. "लालुझर्न?"

"हो."

"काय काम आहे गं तिथं?"

"ते आता सांगता येत नाही. संध्याकाळी सांगते."

ओडीलने मंचाकडे पाहिलं, तिथे रोमन गाल फुगवून फुंकत होता. मग दाराकडे पाहिलं, तिथे जर्वेस सभागृहाच्या संडासातून उचललेलं टॉयलेट पेपरचं गुंडाळं खिशात कोंबत बाहेर पडत होता. रक्ताचा थेंब सापडला की तिथल्या फांदीला कागदाचा तुकडा बांधायचा, म्हणजे माग कसा गेला ते मागे वळून दिसतं. आमच्याकडे सगळे शिकारी हेच करतात. पण ओडीलच्या डोक्यात त्या क्षणी शिकार नव्हती.

"जा बाई," ती म्हणाली. "दलदल तुझीच समज."

लिओना गाडीपाशी पोचायच्या आत ओडीलने मला सांगितलं. मी कुणाला सांगितलं नाही. फक्त बियर ओतणाऱ्याला म्हणालो, आणि तेही तो विचारत होता म्हणून.

दलदलीच्या कडेला लिओनाने रबरी बूट चढवले. जर्वेसचे नाचाचे बूट पहिल्याच पावलाला चिखलात गेले. फिफीनने नाक खाली घातलं आणि ओढायला लागली. पहिले थेंब काळपट, पानांवर वाळलेले. कागदाचा एक तुकडा, मग दुसरा. मग रक्त थांबलं. पोटाच्या जखमेचं असंच असतं, बाहेर फार येत नाही. फिफीन गोल गोल फिरायला लागली. वर ढग काळे झाले.

"खाली बस," जर्वेस म्हणाला. "उभ्याने दिसणार नाही."

दोघं गुडघ्यांवर बसले आणि रांगायला लागले. एक साठीची बाई कर्मिसच्या झग्यात, एक म्हातारा नव्या करड्या कोटात, आणि दोघांच्या मध्ये एक सॉसेज. लिओना नेच्याची पानं एकेक उचलून उलटी करून बघत होती, कारण हरीण गवतातून गेलं की रक्त पानांच्या खालच्या अंगाला पुसलं जातं, वरून काही दिसत नाही.

बराच वेळ गेला, तेव्हा जर्वेस म्हणाला, "लिओना, हरीण तुझ्याकडे तोंड करून उभं आहे. काय करशील?"

ती थांबली. "थांबेन."

"आणि आज सकाळी?"

"टार्ट," ती म्हणाली.

"काय?"

"टार्टसाठी घाई केली, जर्वेस. बोल आता. काय बोलायचंय ते बोल."

जर्वेसने मिशीवरचा चिखल पुसला. म्हणाला, "एवढंच, की मी निदान टोपी काढली असती."

लिओना हसली. चिखलात गुडघे रोवून, डोळ्यांत पाणी, आणि हसली. जर्वेस म्हणतो, तेवढ्यात तिच्या हातातल्या पानाच्या मागे करंगळीच्या नखाएवढा रक्ताचा डाग दिसला. लिओना म्हणते, पान त्याच्या हातात होतं. या एका गोष्टीवर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.

फिफीनला त्या पानापाशी आणलं. तिने हुंगलं, आणि एकदम अशी ओढ घेतली की जर्वेस पालथा पडला. पावसाचे पहिले थेंब पडायला लागले होते. कुत्री वेड्यासारखी झुडपांतून, ओंडक्यांखालून, आणि मागे दोरीला लटकलेला जर्वेस ओरडतोय, "हळू गं बाई, माझा कोट!"

मादी एका सीडरच्या झाडाखाली पडली होती, पाय पोटाशी घेऊन, जशी झोपतात तशी. अंग थंड व्हायला लागलं होतं. तिला कुणी उठवलं नव्हतं, ती पुढे पळाली नव्हती. सकाळी जिथे पडली तिथेच.

लिओना तिच्या मानेवर हात ठेवून बसली. जर्वेसने फिफीनला जवळ ओढलं आणि दुसरीकडे तोंड केलं. लिओना त्या हरणाला काय म्हणाली ते त्याने ऐकलं नाही, असं तो सांगतो. जर्वेसने न ऐकलेली ही आयुष्यातली एकमेव गोष्ट, म्हणून मी ती मान्य करतो.

मग कामाला लागले. पावसात पोट साफ केलं, पोटाजवळचं खराब झालेलं मांस काढून टाकलं, उरलेलं ओढत ओढत जर्वेसच्या पिकअपमध्ये घातलं आणि ताडपत्री टाकली. आणि तसेच परत आले, कारण टार्टची रिकामी ताटं न्यायची होती.

ते दारात उभे राहिले तेव्हा सभागृहातला आवाज हळूहळू खाली गेला. रोमनने ट्यूबा तोंडापासून काढला आणि बायकोकडे पाहिलं. लिओनाने मान हलवली, होकारार्थी. रोमनने डोळे मिटले, मोठा श्वास सोडला, आणि मंचावरून उतरून तिला मिठी मारली, चिखलासकट. ओडील माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, माफ केलं त्याने. देवमाणूस आहे."

लिओना तिथूनच ओडीलपाशी आली. "संध्याकाळी सांगते म्हणाले होते ना. सकाळी माझ्याकडून एक हरीण वाईट जखमी झालं, ते तुझ्या दलदलीत आलं होतं. सापडलं. पाठीचं मांस तुझं, उद्या आणून देते."

ओडीलने जावयांकडे एक नजर टाकली. मग तिच्या हातावर थोपटून म्हणाली, "हो गं. हरीणच होतं. मी कुणाला काही सांगणार नाही."

"अगं, खरंच हरीण होतं!"

"मी कुठे नाही म्हणते?"

दुसऱ्या दिवशी लिओनाने मांस नेऊन दिलं. ओडीलने घेतलं, शिजवलं, चापलं, आणि जावयांना म्हणाली, बिचारीने किती काळजीपूर्वक गोष्ट रचलीय, पुरावासुद्धा तयार केला.

त्या शरद ऋतूतल्या वर्गात लिओनाने लाकडी हरीण बाहेर काढलं. त्याच्या पोटावर तिने लाल रंगाचा एक ठिपका काढला होता, त्या सकाळी बाण जिथे लागला तिथे. ती म्हणाली, "हा माझा. हरीण माझ्याकडे तोंड करून होतं, बिथरलेलं होतं, आणि मला घाई होती. दिवसभर ती त्या दलदलीत पडून होती. आता हरीण फिरवते, मला सांगा, मी काय करायला हवं होतं?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मागच्या बाकावरून, जिथे जर्वेस कुत्री मांडीवर घेऊन बिनबोलावता येऊन बसला होता, आवाज आला, "थांबायचं!"

"बरोबर," लिओना म्हणाली. "पास."

धनुष्य माळ्यावर गेलं नाही. पण त्या हंगामात ती पुन्हा मचाणावरही चढली नाही. एक हरीण झालं, म्हणाली, तेच माझं. वाईट मारलं असलं तरी.

गावाचं म्हणाल, तर खरी गोष्ट कुणालाही फारशी आवडली नाही. ती सगळ्यांना माहीत आहे, लिओनाने ती स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे, मांस आम्ही खाल्लं आहे. तरी आजही कर्मिसला रोमनने ट्यूबा हातात घेतला की कुणीतरी कुणालातरी कोपराने ढोसतं. रोमन मान खाली घालून हसतो. मागच्या वर्षी मी लिओनाला म्हणालो, एवढं सगळं सांगूनही लोक ऐकत नाहीत, तुला राग नाही येत? ती टार्ट कापत होती. म्हणाली, "अरे, या वयात कुणी माझ्यावर एवढा संशय घेतं, राग कसला? जर्वेसला मात्र सांगू नकोस, डोक्यावर बसेल."

तर खरं एवढंच आहे. लिओना डेल्व्होने घाईत एक वाईट बाण सोडला होता, आणि जखमी हरीण शोधायला ती जर्वेस लालुझर्नला आणि त्याच्या कुत्रीला घेऊन दलदलीत गेली होती.